रोममध्ये तीन दिवस, आई-बाबांसोबत: कुठे मन भरतं, कुठे विरस होतो

तुमचा प्रश्न असा: जूनमध्ये तीन दिवस रोम, सोबत साठीच्या पुढचे शाकाहारी आई-बाबा, कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेवी बघायचंय, पण ‘नुसती गर्दी, चोर आणि रांगा’ असं ऐकून धास्ती बसलीय. जावं की नाही?

जरूर जा. रोममध्ये विरस होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या वेळेमुळे. तीच जागा सकाळी सातला अप्रतिम असते आणि दुपारी बाराला नकोशी होते. म्हणून एका दिवशी वेळ ठरलेलं एकच तिकीट घ्या. दोन घेतलीत की दिवसभर घड्याळाकडे बघत धावपळ होणार, आणि आई-बाबा पहिल्याच संध्याकाळी थकून जाणार.

कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरोचं आहे. त्यातच फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागूनच असलेली पॅलाटाइन टेकडी येते आणि ते 24 तास चालतं. अधिकृत संकेतस्थळावर तिकिटं साधारण 30 दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात. 2023 पासून तिकिटावर नाव असतं, त्यामुळे नावं पासपोर्टप्रमाणेच भरा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. त्या 24 तासांचा फायदा घ्या: कोलोसियम दुपारी उशिरा आणि फोरम दुसऱ्या दिवशी सकाळी उघडता उघडता. भर दुपारी फोरममध्ये उतरू नका. सावली जवळजवळ नाही, दगडी फरशी उंचसखल आणि जूनचं ऊन. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. फोरममध्ये मात्र पायांनाच काम. माझ्या मते या तिकिटातला सर्वांत सुंदर भाग पॅलाटाइन, आणि बहुतेक लोक नेमका तोच दमून सोडून देतात. तिथून खाली अख्खा फोरम दिसतो, झाडं आहेत, गर्दीही कमी.

व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट 20 युरो, ऑनलाइन आरक्षणाचे 5 वेगळे. ते सोमवार ते शनिवार उघडं असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी प्रवेश मोफत, पण आई-बाबांना घेऊन त्या दिवशी अजिबात जाऊ नका, रांग भिंतीच्या कडेने लांबच लांब जाते. 29 जूनला ते बंद असतं, तारखा ठरवताना हे बघा. जमलं तर सकाळची पहिली वेळ घ्या. सगळा लोंढा मिकेलांजेलोने छत रंगवलेल्या सिस्टिन चॅपलकडेच सरकत असतो, त्यामुळे वाटेतल्या दालनांत थांबायला जागा मिळत नाही. नकाशांच्या 120 मीटर लांब दालनात तरी पाऊल आवरून वर छताकडे बघा. चॅपलमध्ये फोटो काढायला मनाई आहे, बोलायलाही. भिंतीलगत बाक आहेत, आई-बाबांसाठी जागा रिकामी होईपर्यंत थांबा आणि बसून वर बघा. उभ्याने मान दुखते आणि पाच मिनिटांत निघावंसं वाटतं.

सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे व्हॅटिकनचं भव्य चर्च, वेगळी, तिथे प्रवेश मोफत. रांग सुरक्षा तपासणीची असते. ‘रांग टाळून आत नेतो’ म्हणत चौकाजवळ पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. सकाळी लवकर गेलात तर रांग बेताची असते. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असली की बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम खरोखर पाळला जातो. घुमटाला एकूण 551 पायऱ्या. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी 320 उरतात. त्यापुढचा जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो: भिंत तिरपी होत जाते, चालताना अंग एका बाजूला झुकवावं लागतं, आणि शेवटच्या गोल जिन्यात आधाराला फक्त लोंबता दोर. मधूनच परत फिरता येत नाही. गुडघे दुखत असतील किंवा अरुंद जागेत घाबरायला होत असेल तर आई-बाबांना खाली चर्चमध्ये मिकेलांजेलोच्या पिएता या शिल्पाजवळ थांबवा.

त्रेवी कारंजं दुपारी बघणं म्हणजे निव्वळ धक्काबुक्की. सकाळी सातच्या आत जा. तिथून पँथिऑन, हे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर, चालत जवळ आहे. 2023 च्या जुलैपासून तिथे तिकीट लागतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सारखीच, सुमारे 43 मीटर, आणि वरचं भोक खरोखर उघडं आहे. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्यावर बसायला 2019 पासून बंदी आहे, दंड होतो. आई-बाबांना ‘जरा टेका’ म्हणाल तर शिट्टी ऐकू येईल.

आता ज्याची फारशी चर्चा होत नाही ते. पँथिऑनपासून चार-पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. डाव्या बाजूच्या शेवटच्या चॅपलमध्ये काराव्हाज्यो या चित्रकाराने काढलेली संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत. प्रवेश मोफत. शेजारच्या यंत्रात नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो, म्हणून सुटी नाणी ठेवा. डावीकडच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो, आणि चॅपलची खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. चित्रकाराने खऱ्या उजेडाशी जुळवून रंगवलंय हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. दुपारी चर्च काही तास बंद असतं, सकाळीच जा. इतकं मोठं काम इतक्या शांतपणे बघायला मिळणं हीच रोमची खरी श्रीमंती.

चोरांचं म्हणाल तर अंगावर कोणी येत नाही, खिसे कापले जातात. मेट्रोची ए लाइन आणि तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस, इथे सावध राहा. दार बंद व्हायच्या क्षणी मुद्दाम गर्दी केली जाते आणि हात मारून लोक उतरतात. दारापासून लांब उभे राहा, पर्स पोटावर धरा, मागच्या खिशात काहीही नको. फुकट म्हणून हातात दिलेलं गुलाब किंवा मनगटावर बांधलेला दोरा घेऊ नका, लगेच पैसे मागतात.

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, 100 मिनिटांचं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड. तिकिटाऐवजी बँकेचं कार्ड टॅप करणार असाल तर प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

जेवणात एक खाचखळगा आहे. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा, तिन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. काचो ए पेपेमध्ये नसतं, पण त्यातल्या पेकोरिनो रोमानो चीजला कोकराचं रेनेट (दूध फाडण्यासाठी कोकराच्या पोटातून काढलेला पदार्थ) वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर तेही नको. सर्वांत सोपा म्हणजे वजनावर कापून मिळणारा पिझ्झा: मारिनारा किंवा बटाट्याचा मागा, मांस नाही ना हे विचारून घ्या. सुप्लीत (तळलेल्या भाताच्या गोळ्यांत) बहुधा मांसाचा रस्सा असतो.

पाणी विकत घेऊ नका. रस्त्यात सगळीकडे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचं आणि गार. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, आई-बाबांना वाकावंही लागणार नाही.