उंदरांची लॅब घेऊ की प्रसूतिगृहाची?

‘ताई’ म्हणून लिहिलंयस, तेव्हा मी एकेरीवरच येते. रोगप्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींवर काम करून एमएस्सी झालीस आणि आता परदेशात पीएचडीच्या दोन जागा हातात आहेत. दोन्ही मुदतपूर्व प्रसूतीवर. एक लॅब फक्त उंदरांवर काम करते, दुसरीला थेट प्रसूतिगृहातून वारेचे नमुने मिळतात. कुठली घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. रोगप्रतिकारक पेशी मुदतपूर्व प्रसूती घडवतात की टाळतात, हा दुसरा. मी याच विषयासाठी देश सोडला, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आधी दुसरा प्रश्न, कारण तो सुटल्याशिवाय पहिला सुटणार नाही.

दोन्ही करतात. घडवण्याची बाजू तू शिकली आहेस: जंतू गर्भजलापर्यंत पोचले की न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी जमतात, दाह वाढतो, कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, गर्भाशयाचं मुख मऊ पडतं आणि 37 आठवडे भरण्याआधीच कळा सुरू होतात. पण बऱ्याच बायकांमध्ये जंतू सापडतच नाहीत. तिथे प्रश्न उलटा होतो. इतके दिवस कळा कोणी थोपवून धरल्या होत्या?

पीटर मेदावर या शास्त्रज्ञांनी 1953 मध्येच विचारलं होतं की निम्मी जनुकं बापाची असलेला गर्भ आईचं शरीर नाकारत कसं नाही. उत्तराचा एक मोठा तुकडा 2004 मध्ये मिळाला. ज्या उंदरिणींना टी-रेग (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी-पेशी) वगळून बाकीच्या टी-पेशी दिल्या, त्यांचे परक्या वंशाच्या नरापासूनचे गर्भ टिकले नाहीत, स्वतःच्याच वंशाचे टिकले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या गटाने दाखवलं की या टी-रेग पेशी बाळंतपणानंतरही आठवण ठेवतात आणि पुढच्या गरोदरपणात झपाट्याने वाढतात. मग 2020 मध्ये डेट्रॉइटच्या गटाने हाच धागा मुदतपूर्व प्रसूतीपर्यंत आणला: कारण न सापडलेल्या काही प्रसूतींमध्ये आई आणि गर्भ जिथे भिडतात तिथल्या टी-रेग कमी होत्या. उंदरिणींमध्ये गरोदरपणाच्या शेवटी टी-रेग काढल्या तर काही वेळेआधी व्यायल्या आणि पिल्लंही अशक्त निघाली. टी-रेग परत दिल्यावर हे टळलं. यातला ‘काही’ हा शब्द विसरू नकोस, मुलाखतीत तोच विचारतील.

टी-पेशींच्या प्रेमात असलीस तरी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींकडे काणाडोळा करू नकोस. 2017 मध्ये डेट्रॉइटमधूनच आलेल्या कामात गर्भाशयाच्या अस्तरातल्या बी-पेशी आयएल-33 या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर पीआयबीएफ1 नावाचं प्रथिन बनवून मुदतपूर्व कळांपासून संरक्षण देताना दिसल्या. मॅक्रोफेजही निव्वळ खलनायक नाहीत. शांत वळणाच्या मॅक्रोफेज बाहेरून टोचल्या तर उंदरांमध्ये दाह आटोक्यात येतो आणि पिल्लं पोटात जास्त टिकतात. (मॅक्रोफेजला मराठीत ‘महाभक्षी’ म्हणतात, पण या घरात त्या बऱ्यापैकी सोवळ्यातल्या वागतात.)

आता लॅबची निवड. उंदराचं गरोदरपण जेमतेम 19-20 दिवसांचं. अंडाशयातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, घसरलं की उंदरीण व्यायते. माणसात प्रोजेस्टेरॉन वार बनवते आणि कळा सुरू होताना ते रक्तात तसं घसरत नाही. त्यामुळे उंदरात जी पेशी कळा ‘थांबवते’, ती कळाच थांबवते आहे की नुसती प्रोजेस्टेरॉनची घसरण, हे वेगळं काढावं लागतं. उंदरात मुदतपूर्व प्रसूती घडवायला ती लॅब काय वापरते, तेही विचार. जिवाणूच्या आवरणातलं, दाह भडकवणारं एलपीएस टोचलं की एक गोष्ट कळते, प्रोजेस्टेरॉनचं काम रोखणारं आरयू-486 हे औषध दिलं की दुसरीच. तुझा टी-रेगचा प्रश्न एलपीएसच्या आगडोंबात बुडून जाईल.

मानवी नमुन्यांच्या लॅबचं दुखणं वेगळं. वार हातात येते ती प्रसूती झाल्यावर, म्हणजे आपण आग विझल्यावरची राख तपासतो. तुलनेला काय घेणार? तिसाव्या आठवड्यात निरोगी बाई बाळंत होत नाही. त्या आठवड्यात कळांशिवाय जी प्रसूती करावी लागते ती बहुधा प्रीएक्लॅम्प्सियासारख्या (गरोदरपणात रक्तदाब वाढवणाऱ्या) आजारामुळे, म्हणजे ती तुलनाही निखळ नाही. शिवाय नमुना रात्री दोनलाही येतो आणि तो सकाळपर्यंत थांबत नाही.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीचे चार महिने मी वारेचा तुकडा अखंड चिरून पेशी वेगळ्या करत होते. टी-पेशी भरपूर मिळाल्या, मी खूश. मग लिंगगुणसूत्रं तपासली तेव्हा कळलं की त्यातल्या बऱ्याच बाळाच्या होत्या. आईचं अस्तर आधी खरवडून वेगळं काढायचं असतं, गर्भाच्या पडद्यावरचं वेगळं आणि वारेखालचं वेगळं. ऊतक एन्झाइममध्ये जास्त वेळ ठेवलं तर पेशींवरची काही प्रथिनं कापली जातात आणि त्या पेशी ‘नाहीतच’ असं वाटतं. हे हातांनी शिकायचं काम आहे. म्हणून दोन्ही प्राध्यापकांना विचार, की पहिल्या वर्षी तुझ्या शेजारी उभं राहून शिकवणारं कोण आहे?

मला विचारशील तर प्रसूतिगृहाची लॅब घे, पण त्यांचं उंदीरवाल्या गटाशी नियमित काम चालतं का हे पाहून. मानवी नमुन्यात टी-रेग कमी दिसल्या, एवढ्यावरून त्या कमी झाल्या म्हणून कळा आल्या की कळा आल्या म्हणून कमी झाल्या, हे ठरत नाही. ते ठरवायला पेशी काढून आणि परत घालून पाहावं लागतं, आणि ते बाईवर करता येत नाही. असं जोडकाम नसेल तर उंदरांची लॅब घे, फक्त एलपीएसवरच अडकलेली नसली म्हणजे झालं.

कुणाला नाही म्हणणार असशील त्यांना लगेच कळव, ताटकळत ठेवू नकोस. आणि मानवी रक्त-ऊतक हाताळायचं असेल तर हेपॅटायटिस-बी लशीचे तीनही डोस निघण्याआधी पूर्ण कर. ते सहा महिन्यांत विभागून देतात, त्यामुळे आत्ताच सुरू करावे लागतील.