काहून खोडलं?

मागच्या दोन अंकांपासून या पानावर येणारी पत्रं बहुतेक सुडोकूचीच आहेत. म्हणजे ते ८१ घरांचं कोडं, ज्यात प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच बसवायचे असतात. सोपी आणि मध्यम कोडी सगळ्यांना सुटतात, 'अतिकठीण' आलं की पेन्सिल थांबते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दारव्ह्याच्या अलीकडच्या एका खेड्यात राहतो. वर्गात पोरानं फळ्यावरचं काही पुसलं की मी एकच विचारायचो, "काहून खोडलं?" सुडोकूतही मला दुसरं काही विचारता येत नाही.

गुरुजी, या हप्त्यात आमच्याकडे थ्री फेज रातची हाये. मोटर सुरू केली का धुऱ्यावर बसून डोक्याच्या बॅटरीत सुडोकू काढतो. चाळीस-पंचेचाळीस घरं भरतात, मंग गाडी फसते. कोन्त्याच घरात एकटा आकडा उरत नाही. मंग अंदाज मारतो अन् सकायी सगळं खोडतो. इलाज सांगजा.
(एक शेतकरी, ता. समुद्रपूर)

भाऊ, एक डोळा दांडाच्या पाण्यावर अन् दुसरा कोड्यावर ठेवणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार! पण तुम्ही फसता ती जागा माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आपण प्रत्येक घराला विचारत बसतो, तुझ्यात कोण बसतं? घर म्हणतं, चौघं बसू शकतात. संपलं. त्यापेक्षा आकड्याला विचारा, बापा ७, या ओळीत तुला जागा तरी किती उरल्या?

आधी सगळ्या रिकाम्या घरांत शक्य ते आकडे बारीक पेन्सिलीनं लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. मग १ पासून ९ पर्यंत एकेक आकडा घेऊन ओळी तपासा. समजा दुसऱ्या आडव्या ओळीत ७ फक्त तिसऱ्या किंवा आठव्या घरात बसू शकतो. सहाव्या आडव्या ओळीतही फक्त तिसऱ्या किंवा आठव्याच घरात. आता वरचा ७ तिसऱ्यात बसला, तर खालच्याला आठव्यात जावं लागेल. वरचा आठव्यात बसला, तर खालचा तिसऱ्यात. कोण कुठं ते आपल्याला अजून माहीत नाही. पण तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचे ७ याच दोघांकडून येणार, हे पक्कं झालं. म्हणून त्या दोन उभ्या ओळींत बाकी कुठंही लिहिलेला ७ खोडायचा. याला एक्स-विंग म्हणतात.

आपल्याकडची जुनी कपाशी चौफुलीवर लावलेली असायची. डवरा उभा चाले, आडवाही चाले. सुडोकू तशीच चौफुली आहे. आडवं पाहून उभं खोडायचं, किंवा उभं पाहून आडवं. पुष्कळ जण आडवं पाहतात आणि आडवंच खोडतात, मग हाती काही लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. नातीला हे समजावं म्हणून अंगणात सारवलेल्या जागेवर रांगोळीनं ८१ घरं आखली. ७ जिथं जिथं बसू शकतो तिथं तुरीचा एकेक दाणा ठेवला. मी चष्मा आणायला आत गेलो. परत येऊन पाहतो तर नातीला एक्स-विंग सापडली होती आणि ती चार दाणे उचलून मोकळीही झाली होती. पुढं पाच मिनिटांत कोडं उलटलं, एका उभ्या ओळीत ७ ला जागाच राहिली नाही. दोघांनी डोकं खाजवलं. शेवटी लक्षात आलं की सहाव्या ओळीत तीन दाणे होते, त्यातला एक कोंबडीनं टिपला. तिला काहून म्हणून कोण विचारणार? तुमच्या पेन्सिलीच्या खुणा अर्ध्या असल्या की हेच होतं. ओळीत दोनच जागा आहेत असं दिसतं, आणि तिसरी आपण लिहिलेलीच नसते.

हेच दोनऐवजी तीन ओळींवर केलं की स्वोर्डफिश. तीन आडव्या ओळी, आणि तिन्हींत मिळून तो आकडा तीनच उभ्या ओळींत. प्रत्येक ओळीत तिन्ही जागा असायलाच हव्यात असं नाही, दोन-दोन असल्या तरी चालतं. एवढं कळलं तर रातच्या तीन पाळ्या निघतील.

गुरुजी, मी अंगणवाडी सेविका. जोड्या शोधून खोडणं मला जमतं. भाच्यानं मोबाईलवर वाय-विंग नावाचं काहीतरी दाखवलं. तो भराभर बोलला, माझ्या डोक्यावरून गेलं.
(एक वाचक, ता. वरुड)

ताई, भाच्याला म्हणावं थोडं थांबून सांग. यात पाहायची घरं तीनच. घराचा पत्ता मी असा लिहितो: ४-५ म्हणजे चौथ्या आडव्या ओळीतलं पाचवं घर.

४-५ मध्ये उरलेत २ आणि ५. त्याच आडव्या ओळीत ४-८ मध्ये ५ आणि ९. त्याच उभ्या ओळीत खाली ८-५ मध्ये २ आणि ९. मधलं घर ४-५. ते दोघांनाही पाहतं, म्हणजे त्यांच्या ओळीत किंवा चौकटीत आहे, पण ते दोघं एकमेकांना पाहत नाहीत.

आता बोट ठेवून चला. मधल्या घरात २ आला, तर खालच्या ८-५ मध्ये २ चालणार नाही, तिथं ९. मधल्या घरात ५ आला, तर बाजूच्या ४-८ मध्ये ५ चालणार नाही, तिथं ९. म्हणजे काहीही झालं तरी त्या दोन टोकांपैकी एका ठिकाणी ९ येणारच. मग ज्या घराला ही दोन्ही टोकं दिसतात, तिथं ९ कसा राहील? असं घर आहे ८-८. ते आठव्या आडव्या ओळीतून ८-५ ला पाहतं आणि आठव्या उभ्या ओळीतून ४-८ ला. तिथला ९ खोडा.

पाहा, आपण एकही आकडा बसवला नाही. एक ९ फक्त गेला. कठीण कोड्यात सगळं असंच चालतं. अर्धा तास एका खोडण्यासाठी जातो आणि मग पंधरा घरं एका दमात भरतात.

शोधायचं कसं, तर दोनच आकडे उरलेल्या घरांना फिकट गोल करा आणि बाकीच्यांकडे तेवढ्यापुरतं बघूच नका. गोलांतून तीन आकड्यांच्या तीन जोड्या जुळतात का पाहा: २-५, ५-९, २-९. एखादं टोक मधल्या घराच्याच नऊ घरांच्या चौकटीत असलं तरी चालतं. उलट तेव्हा दोन्ही टोकं पाहणारी घरं एकाहून जास्त मिळतात. मला स्वतःला वाय-विंग एक्स-विंगपेक्षा जास्त आवडते. ती कोड्यात लपून बसते, मांडून ठेवलेली नसते.

सर, मी बारावीत आहे. चार घरांपैकी तीन घरांत ३ आणि ८ हेच आकडे उरले आणि चौथ्यात ३, ८ आणि ६ असतील तर चौथ्यात ६ लिहायचा, असं मी वाचलं. तसं केलं आणि कोडं चुकलं. माझी घरं होती २-४, २-८, ७-४ आणि ७-८. नियम खोटा आहे का?
(एक विद्यार्थिनी, चिमूर)

नियम खरा आहे, पोरी. त्याची अट तू सोडलीस. ही चार घरं दोन आडव्या ओळींत, दोन उभ्या ओळींत आणि *दोनच चौकटींत* असली पाहिजेत. तुझी चार घरं चार वेगवेगळ्या चौकटींत आहेत.

नुसतं पाठ करू नकोस, काहून ते पाहा. घरं दोन चौकटींत असती, समज १-४, १-७, २-४, २-७, आणि चारहींत फक्त ३ आणि ८ उरले असते, तर ३ आणि ८ ची अदलाबदल करता आली असती. ओळीत तेच आकडे, चौकटीतही तेच आकडे. म्हणजे कोड्याला दोन उत्तरं. नीट रचलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं, म्हणून ती वेळ येऊ नये यासाठी चौथ्यात ६ यावाच लागतो. तुझ्या कोड्यात प्रत्येक चौकटीत यातलं एकच घर आहे. तिथल्या ३ चा ८ केलास तर त्या चौकटीतला खरा ८ दुसरीकडे बसलेला आहेच. एका चौकटीत दोन ८ होतात. म्हणजे अदलाबदल होतच नाही, मग ६ येण्याची सक्ती कुठून येणार?

तुझं कोडं तू पाठवलंस ते बरं केलंस. त्यात २-६ आणि २-९ ही घरं पुन्हा पाहा. तिथं एक उघडी जोडी आहे, म्हणजे दोन्ही घरांत तेच दोन आकडे उरलेत, ती सोडून तू एवढ्या लांब गेलीस.

कोडं जपानी ना? (हे तिघांनी विचारलं आहे.)

नाव जपानी आहे, कोडं अमेरिकेत जन्मलं. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराचं कोडं १९७९ मध्ये तिकडच्या एका कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावानं आलं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनानं ते उचललं, आणि 'आकडे एकटेच असावेत' अशा अर्थाचं लांबलचक नाव आखडून सुडोकू झालं. न्यूझीलंडचे वेन गूल्ड हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. त्यांनी ते लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये नेलं, २००४ च्या नोव्हेंबरात. पुढं ते जगभर पसरलं, अन् फिरत फिरत आपल्या एसटी स्टँडावरच्या पेपरातही आलं.

रविवारचं कोडं माझ्याकडून दोन तऱ्हेनं सुटलं. दोन्ही उत्तरं बरोबर दिसतात. मी चुकलो की छापणारा?
(निवृत्त पोस्टमन, मेहकर तालुका)

दादा, दोन्ही उत्तरं खरंच बरोबर असतील तर कोडंच बिघडलेलं आहे. पण छापणाऱ्यावर बिल फाडण्याआधी दोन गोष्टी मोजा. छापील आकडे १७ पेक्षा कमी असतील, तर एकच उत्तर असणं शक्यच नाही. डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर या गणितज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर सगळ्या शक्यता तपासून हे २०१२ मध्ये दाखवलं. दुसरं, छापील आकड्यांत ९ पैकी दोन आकडे अजिबातच नसतील, तरीही कोडं बाद. समजा ४ आणि ६ कुठंच छापलेले नाहीत. मग उत्तरातल्या सगळ्या ४ चे ६ आणि ६ चे ४ करा, दुसरं उत्तर तयार. याला संगणकही लागत नाही.

या दोन चाळण्यांतून सुटलं म्हणून कोडं निर्दोष ठरत नाही, एखादा आकडा चुकीचा पडलेला असू शकतो. मी एकदा वाचनालयाच्या पेपरातलं कोडं वहीत उतरवून घरी आणलं. दोन दिवस लागलो, जेवणावरून बोलणी खाल्ली, सुटेना. तिसऱ्या दिवशी बायकोनं पेपर आणि वही शेजारी ठेवून पाहिलं. ८ च्या जागी मी ३ लिहिला होता.

आणि कमी आकडे म्हणजे कोडं अवघड, असंही समजू नका. फिनलंडच्या आर्टो इन्काला या गणितज्ञाचं २०१२ मधलं कोडं जगातलं सर्वांत अवघड म्हणून वर्तमानपत्रांतून गाजलं. त्यात २१ आकडे दिलेले होते.

तुम्ही अंदाजाला नावं ठेवता, पण तुमच्या वाय-विंगमध्ये 'समजा २ आला', 'समजा ५ आला' हेच तर आहे. तो अंदाज नाही का? उगाच सोवळं कशाला?
(स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा वाचक, पुसद)

पकडलंस. मान्य, दोन्हीकडे 'समजा' आहे. नववीत २ चं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करताना आपण ते परिमेय आहे असं *समजूनच* सुरुवात करतो, तेव्हा 'समजा'शी माझं भांडण नाही.

धुऱ्यावरचे समुद्रपूरचे भाऊ एका घरात ५ मारतात आणि पुढं जातात. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर सकाळी कुठून परतायचं ते ठाऊक नसतं, म्हणून सगळं खोडावं लागतं. वाय-विंगमध्ये आपण घरात उरलेल्या *दोन्ही* शक्यता चालून पाहतो, आणि दोन्ही वाटा जिथं एकाच ठिकाणी पोचतात तेवढंच पेन्सिलीनं नोंदवतो. वाट लांब झाली तरी रीत तीच. दोन आकड्यांचं एक घर घे. एका आकड्याची वाट त्रिकोणानं खुणव, दुसऱ्याची गोलानं. एखाद्या तिसऱ्या घरात त्रिकोणवाटेनंही ६ आला आणि गोलवाटेनंही ६ आला, तर ६ पक्का. किंवा त्रिकोणवाट चालता चालता एका ओळीत दोन ४ झाले, तर ती वाट खोटी, दुसरा आकडा खरा. इन्कालाच्या कोड्यात अशा लांब वाटांशिवाय माणसाचं भागत नाही, आणि मी ते कोडं अजून पूर्ण सोडवलेलं नाही हेही सांगून टाकतो.

माझी अट एवढीच आहे की, वही मिटवून मी विचारलं, हा ४ काहून खोडला, तर तुला वाट सांगता आली पाहिजे. 'जमून गेलं' हे उत्तर मी सहावीच्या पोराकडूनही घेत नव्हतो. परीक्षेत वेळ कमी असेल तर खुशाल अंदाज मार, तिथं मी पाहायला येणार नाही.

पुढच्या अंकासाठी: पत्रासोबत कोड्याचं कात्रण जोडा, छापील आकडे पेनानं आणि तुमचे पेन्सिलीनं. नुसतं 'अडलं' लिहिलं तर मला काही सांगता येत नाही. आणि एक छोटं काम. पहिल्या उभ्या ओळीत ४ फक्त वरून दुसऱ्या किंवा नवव्या घरात बसू शकतो. सहाव्या उभ्या ओळीतही फक्त दुसऱ्या किंवा नवव्या घरात. कुठकुठले ४ खोडाल? आणि काहून, ते दोन ओळींत लिहा.