मंद संगीतासाठी स्पीकर घेताना

प्रश्न : म्हापशाजवळ आमचं जुनं चिऱ्याचं कौलारू घर आहे. वरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बसून मी दिवसभर हिशेबाचं काम करते. सोबतीला मंद संगीत हवं असतं. लहान गोल स्मार्ट स्पीकर आणला. पण आवाज 2 वर ठेवला तर तो डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि 4 वर नेला की कामातलं लक्ष उडतं. शिवाय मधूनमधून संगीत अडकतं. दुसरा घ्यायचा तर काय बघावं? — एक वाचक, बार्देश

उत्तर : आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. लहान स्पीकरमध्ये मुळातच खर्ज कमी असतो, त्यात कानही तो गाळतो. मग उरतो तो डब्यातला आवाज. म्हणून हळू ऐकणाऱ्याने स्पीकर मोठा घ्यावा आणि कमी आवाजावर वाजवावा. दुकानदार वॅट सांगतील. ते कमाल आवाजाचं माप आहे, तुमच्या कामाचं नाही. तुम्ही आतल्या शंकूचा, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याचा, व्यास विचारा. गूगलच्या लहान नेस्ट मिनीत तो 40 मिलिमीटर, ॲमेझॉनच्या पाचव्या पिढीच्या इको डॉटमध्ये 44. गूगलच्याच मोठ्या नेस्ट ऑडिओत खर्जासाठी 75 मिलिमीटरचा आणि वरच्या स्वरांसाठी 19 मिलिमीटरचा असे दोन वेगळे शंकू आहेत. चौथ्या पिढीचा मोठा इकोही साधारण याच मापाचा. तुमच्या खोलीला आम्ही या दुसऱ्या जोडीतला सुचवू.

दुकानात आवाज 10 पैकी 2 वर ठेवायला सांगा, चार-पाच फूट दूर उभ्या राहा आणि तबला लावायला सांगा. डग्ग्याचा घुमारा ऐकू आला, 'धा' आणि 'ता' वेगळे कळले तर स्पीकर तुमच्या कामाचा. नुसती चाटीवरची, म्हणजे तबल्याच्या काठावरची, टिचकी ऐकू येत असेल तर परत ठेवा.

पण नवा घेण्याआधी आहे त्याची जागा बदलून बघा. मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलात तर भिंतीमुळे खर्जाला भर मिळते. अगदी कोपऱ्यात मात्र नको, तिथे आवाज गढूळ होतो. लाकडी टेबलावर ठेवलात तर फळीच घुमते, पेनांचा डबा थरथरतो. खाली पाच मिलिमीटर जाडीचा रबराचा किंवा बुचाचा तुकडा घाला. स्पीकरच्या मोबाइल ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये बेस (खालचे स्वर) दोन घरं वर, ट्रेबल (वरचे स्वर) एक घर खाली करा. तोंडी सांगून 2 नंतर थेट 3 होतो, ती उडी मोठी वाटत असेल तर ॲपमधल्या पट्टीवर बोट सरकवून मधला आवाज धरता येतो.

संगीत अडकण्याचं कारण बहुधा स्पीकर नाही, चिऱ्याच्या जाड भिंती आहेत. वाय-फाय राउटर 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो, त्यातली 5 ची लहर अशा भिंतीत लवकर दमते. राउटरमध्ये दोन्ही लहरींना वेगळी नावं द्या आणि स्पीकर 2.4 गिगाहर्ट्झवर जोडा. तरीही तुटत असेल तर जिन्याच्या कडेने लॅनची तार वर नेऊन दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वरच्या मजल्यावर वाय-फाय देणारं केंद्र म्हणून, लावावा. मोबाइलच्या डेटावर चालवणार असाल तर हिशेब असा : 320 केबीपीएस दर्जाला तासाला 144 एमबी, सहा तासांना सुमारे 860. ब्लूटूथने फोनवरून वाजवता येतं, पण मग फोन आला की संगीत थांबतं.

राहिलं काय वाजवायचं ते. आकडे आणि अक्षरं हाताळताना शब्द असलेलं गाणं मध्ये येतंच, म्हणून वाद्यसंगीत लावा. बोरीचे पं. तुळशीदास बोरकर यांचं संवादिनीवादन यासाठी फार चांगलं. नुसत्या विलंबित आलापीत आवाजाचे चढउतारही थोडे. द्रुत सुरू झालं की हात आपोआप आवाज कमी करायला जातो, तेव्हा यादी करतानाच ते वगळा. यादी संपल्यावर गाणी पुरवणारी ऑनलाइन सेवा आपल्या मनाने गाणी सुरू करते, म्हणून रिपीट चालू ठेवा. अशिलाशी बोलताना माइकचं बटण बंद करा. इकोवर लाल दिवा लागतो. संगीत तरीही ॲपवरून चालू ठेवता येतं.

प्रश्न : पावसात वीज सारखी जाते. स्पीकरला बॅटरी नसते का? — एक वाचक, सत्तरी

उत्तर : वर सांगितलेल्या एकाही स्पीकरमध्ये नाही. स्पीकरचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरीची डबी, लावा. नुसता स्पीकर चालू राहून उपयोग नाही. यूपीएस घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. विजा कडाडू लागल्या की दोन्ही प्लग काढून ठेवा. आणि पावसाळ्यात स्पीकरच्या कापडी आवरणाला बुरशी धरते. खिडकीपासून दूर ठेवा, आठवड्याला कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका.