ब्लोअर बंद करताना ड्राइव्ह का ट्रिप होतो?

प्रश्न : सर, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला लागून दीड वर्ष झालं. भट्टीच्या पॅनेलात थायरिस्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, ब्लोअरला व्हीएफडी म्हणजे मोटारचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, सगळीकडं पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच, पण पुस्तक उघडलं की पहिल्या धड्यातच गणितं. सुरुवात कुठनं करू? आणि आमच्या ब्लोअरचा ड्राइव्ह चालताना काही त्रास देत नाही, बंद करताना मात्र ओव्हर व्होल्टेजला ट्रिप होतो. डिसेलरेशन टाइम, म्हणजे वेग शून्यावर आणायला दिलेला वेळ, 5 सेकंद आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच सापडतंय बघा. ड्राइव्हमध्ये 415 व्होल्टची थ्री फेज आत येते, सहा डायोड तिचा डीसी करतात, मोठे कपॅसिटर तो धरून ठेवतात, साधारण 560 ते 585 व्होल्ट, आणि पुढं सहा आयजीबीटी, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटारला पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतात. आता ब्लोअरचा पंखा जड, 5 सेकंदात कसा थांबेल, उलट तोच मोटारला फिरवायला लागतो, मोटार जनरेटर होते, वीज मागं येऊन कपॅसिटरमध्ये साठते आणि डायोड तिला लाइनकडं जाऊ देत नाहीत, मग व्होल्टेज चढतं नि ड्राइव्ह जीव वाचवायला ट्रिप होतो. डिसेलरेशन टाइम वाढवा. घाई नसेल तर कोस्ट टू स्टॉपला टाका, म्हणजे ड्राइव्ह मोटारला सोडून देतो आणि पंखा आपोआप थांबतो. लवकरच थांबवायचं असेल तर मागं आलेली वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा, पण मॅन्युअलमधल्या ओहमपेक्षा कमीचा नको.

आता पाया. हा सगळा विषय स्विचचा आहे. 10 अँपिअर वाहताना स्विचवर 100 व्होल्ट पडत असतील तर 1000 वॉट नुसती उष्णता, पूर्ण चालू करून 2 व्होल्टच पडले तर 20 वॉट, आणि बंद असताना जवळपास शून्य. म्हणून स्विच अर्धवट चालू ठेवायचाच नाही. थायरिस्टरचं एवढं ध्यानात ठेवा, गेटनं तो चालू होतो, बंद मात्र करंट शून्यावर आल्याशिवाय होत नाही, भट्टीला कॉइलबरोबर मोठी कपॅसिटर बँक असते ना, त्या दोघांमध्ये वीज झोक्यासारखी मागंपुढं होते, त्या झोक्यावरच करंट शून्यावर येतो.

घरी 12 व्होल्टचा बल्ब आणि एक मॉसफेट (हाही इलेक्ट्रॉनिक स्विचच) घेऊन पीडब्ल्यूएम करून बघा, म्हणजे स्विच भराभर चालू-बंद करून चालू राहायचा वेळ कमीजास्त करायचा, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर याचे कोर्स फुकट आहेत, गणित मग हळूहळू गळी उतरतं. कळकळीनं सांगतो, सप्लाय बंद केला म्हणून पॅनेलात लगेच हात घालू नका, कपॅसिटर भरलेलेच असतात, लेबलवर लिहिलीत तेवढी मिनिटं थांबा आणि मीटर लावून खात्री करा.

उद्या ब्लोअर बंद करताना डिस्प्लेवर डीसी बस व्होल्टेज, म्हणजे त्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज, लावून ठेवा, आकडा चढताना दिसेल. टाइम 20, मग 40 सेकंद करून किती चढतो ते वहीत लिहा आणि कळवा.