40 टक्के अनुदानावरच्या शाळेत पगार एवढा कमी का, आणि आंदोलनाने खरंच काही मिळतं का?

तुमचा भाऊ अशा शाळेत शिकवतो, जिथे सरकार पगाराचा 40 टक्केच भाग देतं, म्हणून तुम्ही हे विचारलंत. तो आणि शेजारच्या गावातला शिक्षक एकच इयत्ता, एकच विषय शिकवतात. तरी त्या शिक्षकाला पूर्ण पगार आणि भावाला 40 टक्के, कारण दोन्ही शाळांना मान्यता वेगवेगळ्या काळात मिळाली. 2001 नंतर महाराष्ट्रात नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी मिळू लागली. 2009 मध्ये ‘कायम’ शब्द काढला, त्यानंतर शाळांचं मूल्यांकन, म्हणजे अनुदानासाठी पात्रतेची तपासणी, सुरू झालं आणि 20 टक्के अनुदानाचा पहिला टप्पा 2016 मध्ये मंजूर झाला. शिक्षकाच्या गुणवत्तेचा यात काही संबंध नाही. हा उघड अन्याय आहे.

सातव्या वेतन आयोगात प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन 38,600 रुपयांपासून सुरू होतं. त्याचे 40 टक्के म्हणजे 15,440, वर त्याच प्रमाणात महागाई भत्ता. उरलेला भाग संस्थेने द्यायचा असतो, कारण 1977 चा सेवाशर्ती कायदा विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे. खेड्यातल्या संस्थेकडे फीतून तेवढा पैसा जमत नाही आणि बहुतेक ठिकाणी तो दिला जात नाही. भावाला एवढं सांगा, की पूर्ण रकमेवर सही घेऊन कमी पैसे हातात देत असतील तर सही करू नये. पगार बँकेतूनच घ्यावा.

आता आंदोलनाचं. टप्पावाढीचा, म्हणजे अनुदान पुढच्या टप्प्यावर नेण्याचा, शासन निर्णय निघाला म्हणजे पैसे आले असं धरू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये पुढच्या टप्प्याचा निर्णय निघाला, पण तरतूद नव्हती. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर शिक्षक बसले, त्यानंतर मंत्रिमंडळाने निधी मंजूर केला आणि वाढ ऑगस्ट 2025 पासून लागू झाली. आंदोलनं अधिवेशनाच्या तोंडावर होतात ती याचसाठी: पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, तेव्हाच मंजूर होतात. म्हणून निर्णय हातात आला की दोनच गोष्टी आधी बघा, लागू होण्याची तारीख आणि निधीचं लेखाशीर्ष, म्हणजे पैसे सरकारच्या कोणत्या खात्यातून येणार ते.

निधी आल्यावरही शाळा अडकते ती कागदांवर. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या मंजुरीत, पट कमी दिसतो, बऱ्याचदा मुलांची आधार नोंद जुळत नाही म्हणून. पट कमी झाला की पद जातं. बिंदुनामावली, म्हणजे पदांच्या आरक्षणाची नोंदवही, तपासलेली नसते. शिक्षकाची वैयक्तिक मान्यता असते, पण शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतला क्रमांक) नसतो, आणि त्याशिवाय वेतन पथक, म्हणजे शिक्षण खात्याचं पगार काढणारं कार्यालय, बिल स्वीकारत नाही. मुख्याध्यापकांकडून या चारही कागदांच्या प्रती आजच मागून घ्या. त्रुटीचं पत्र आलं असेल तर उत्तराची पोच जपून ठेवा.

संपाच्या दिवसांचं वेतन ‘काम नाही, वेतन नाही’ या तत्त्वावर कापलं जाऊ शकतं, आणि 15 हजारांतून ते फार लागतं. त्यामुळे अंशतः अनुदानित शाळांमधले बरेचजण रजा टाकून धरणे आंदोलनाला जातात. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणीवरचा बहिष्कार जास्त दबाव आणतो. 2023 मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी तो घातला आणि सरकारशी बैठक झाल्यावरच मागे घेतला. मात्र तो संघटनेने जाहीर केला असेल तरच करावा. एकट्याने तपासणी नाकारली तर कारवाई एकट्यावरच होते.