एग्लिंटनला घर बघितलंस ना, मग ६ ऑगस्टचं हे वाचून घे

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. जुलैच्या शेवटी तुम्ही तिघं नाशिकहून टोरांटोला येताय, एग्लिंटन वेस्टला ओकवूडजवळ बेसमेंट मिळतंय, आणि सासरच्या कोणीतरी "तो जमैकन लोकांचा एरिया आहे, जरा जपून" असं सांगून तुला घाबरवलंय. त्यात घरमालकीण जमैकन, आणि तिने फोनवरच सांगून टाकलं की ६ ऑगस्टला, म्हणजे जमैकाच्या स्वातंत्र्यदिनाला, मागच्या अंगणात जेवण असतं, तुम्ही पण यायचं. आता जायचं का, काय न्यायचं, नवरा शाकाहारी त्याने काय खायचं, असे तुझे प्रश्न. मी त्याच पट्ट्यात सहा वर्षं भाड्याने राहिले, आता स्कारबरोला आहे, पण ६ ऑगस्टला जुन्या घरमालकिणीकडे अजून जाते, म्हणून लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

आधी एरियाचं. एग्लिंटनचा ॲलन रोडपासून कील स्ट्रीटकडे जाणारा जो पट्टा आहे त्याला लिटल जमैका म्हणतात. न्हाव्यांची दुकानं, केस विणून देणारी सलून्स, पॅटीची (आत सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीची) दुकानं, भाजीवाले, चर्च. तिथे एका गल्लीचं नावच रेगे लेन आहे, कारण सत्तर-ऐंशीच्या दशकात रेगे या जमैकन संगीताची रेकॉर्डिंग्ज जमैकाबाहेर ज्या मोजक्या ठिकाणी व्हायची त्यात हा पट्टा होता. मग २०११ ला रस्ता खणून लाइट रेलचं काम सुरू झालं, २०२० ला संपायचं होतं ते रखडतच गेलं, आणि पत्र्यांच्या आड कितीतरी दुकानं बंद पडली. त्यामुळे तुला काही शटर्स पडलेली दिसतील, त्यावरून एरिया वाईट असं ठरवू नकोस, धंदा का बसला ते तिथल्या कुठल्याही न्हाव्याला विचार, तासभर सांगेल. मी रात्री दहाला शिफ्टवरून चालत घरी यायचे, सहा वर्षांत मला काही झालं नाही. सासरच्यांना एवढंच सांग.

आता ६ ऑगस्ट. पहिल्या वर्षी मी जो गाढवपणा केला तो तू करू नकोस. टोरांटोत ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते आणि त्याच्या आधीच्या शनिवारी कॅरिबानाची परेड निघते, पिसांचे मुकुट, ट्रकवर डीजे, लाखो लोक. मला वाटलं हाच यांचा स्वातंत्र्यदिन. घरी येऊन मालकीणबाईंना मोठ्या उत्साहात हॅपी इंडिपेंडन्स म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ते कार्निव्हल, मूळ त्रिनिदादचं, १९६७ ला कॅनडाला शंभर वर्षं झाली तेव्हा सगळ्या कॅरिबियन लोकांनी मिळून इथे सुरू केलं, आम्ही पण जातो, पण आमचा दिवस सहा तारखेला. त्रिनिदादचा ३१ ऑगस्टला. दोन्ही देश १९६२ लाच सुटले पण एकाला दुसऱ्याचं समजलं की चिडतात, म्हणजे आपल्याला कोणी "यू मद्रासी?" विचारलं की कसं होतं तसंच.

दुसरा गाढवपणा झेंड्याचा. लेकीसाठी मी लाल-पिवळा-हिरवा हातातला पट्टा आणला होता. तो रंग रास्ताफारी लोकांचा (जमैकातला एक धर्मपंथ, त्यांनाच रास्ता म्हणतात), मूळ इथिओपियाचा. जमैकाच्या झेंड्यात लाल रंगच नाही, काळा, हिरवा आणि सोनेरी, मधे तिरकी फुली. एवढं लक्षात ठेव आणि रस्त्यावरच्या स्टॉलवर बघून घे.

आणि हो, सहा तारखेला रस्त्यावर ढोल-ताशे असतील अशी अपेक्षा करू नकोस. वर्किंग डे असला तर लोक कामावर असतात. सिटी हॉलवर झेंडा चढतो, त्याच्या आगेमागे एखाद्या रविवारी चर्चमध्ये खास प्रार्थना असते, शनिवारी कुठल्यातरी हॉलमध्ये तिकीट काढून जेवण आणि नाच, आणि बाकी सगळं घरोघरी मागच्या अंगणात. चर्चची ती प्रार्थना मात्र चुकवू नकोस, धर्म कुठलाही असो. बायका टोप्या घालून येतात, अक्षरशः लग्नाला आल्यासारख्या, आणि राष्ट्रगीताला म्हाताऱ्या माणसांचे आवाज जे लागतात ना... पंधरा ऑगस्टला आपल्या मंडळात आपण मोबाईल वर धरून उभे असतो, तसं नाही.

जेवणाला जायचंच. आता तिथलं वागणं सांगते, हे कोणी सांगत नाही. आत शिरताना आधी गुड आफ्टरनून म्हणायचं, सगळ्यांना, मोठ्याने. न बोलता आत गेलं की उद्धट समजतात, दुकानात पण. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, नावाआधी मिस लावायचं, लग्न झालेलं असो नसो, आपलं ताई-मावशी म्हण ना. आणि त्यांच्या बोलीची नक्कल करायची नाही. "या मान" वगैरे तर अजिबात नको. ते पॅट्वा बोलतात, पहिले सहा महिने तुला कळणार नाही, मग हळूहळू कळेल, पण ऐकायचं, बोलून दाखवायचं नाही. त्या भाषेला शाळेत मोडकं इंग्लिश म्हणून हिणवायचे, आणि ती स्टेजवर मानाने आणली जमैकन कवयित्री लुईझ बेनेट यांनी, सगळे त्यांना मिस लू म्हणतात. त्यांनी शेवटची वर्षं इथे टोरांटोतच काढली आणि २००६ च्या जुलैत इथेच गेल्या. आमच्या मालकीणबाईंच्या बैठकीत त्यांचा फोटो आहे, लाल चौकडीचा झगा आणि डोक्याला तसंच फडकं.

त्या चौकडीचं सांगते, मला हे फार आवडतं. ६ ऑगस्टला बायका-मुली जो राष्ट्रीय पोशाख घालतात त्याच्या कापडाला बॅन्डाना म्हणतात. मी त्या वर्षी इरकल नेसून गेले होते, मालकीणबाईंनी पदर हातात घेऊन चोळून बघितला आणि म्हणाल्या, आमचं पण तुमच्याकडचंच आहे. खरंच की, ते मूळ मद्रासचं चौकडीचं सुती कापड, इंग्रजांच्या व्यापारातून तिकडे गेलेलं. तुझ्याकडे कॉटनची साडी असेल तर बॅगेत टाक, विषय आपोआप निघतो.

तुझ्या नवऱ्याच्या जेवणाचं. तिथली करी बघून त्याला वाटेल आपलंच आहे, आणि ते अर्धं खरं आहे, का ते ऐक. १ ऑगस्ट हा त्यांचा गुलामीतून सुटकेचा दिवस, १८३४ ला कायदा लागू झाला पण "अप्रेंटिस" म्हणून चार वर्षं अजून राबवून घेतलं, खरे मोकळे १८३८ ला झाले (कॅनडाच्या संसदेनेही २०२१ ला हा दिवस मान्य केला). मोकळी झालेली माणसं मळेवाल्यांच्या अटींवर उसात राबायला तयार होईनात, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले, पहिलं जहाज १० मे १८४५ ला लागलं, १९१७ पर्यंत जवळपास ३६ हजार माणसं गेली. बहुतेक यूपी-बिहारकडची, आपल्याकडची नव्हेत. त्यांच्याबरोबर करी गेली, रोटी गेली, गांजा हा शब्दसुद्धा गेला (हा विषय मात्र तू काढू नकोस, येणारा प्रत्येक जण तोच काढतो, वैताग येतो त्यांना). म्हणून अंगणात बोकडाची करी असते ती हळदीने पिवळीधमक, तिखटपणा लाल तिखटाचा नाही तर स्कॉच बॉनेट मिरचीचा. ती मिरची भातात अख्खी टाकतात, फुटली तर लवंगी त्यापुढे काहीच नाही.

शाकाहारी माणसाची फसगत कुठे होते सांगते. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे अकी आणि सॉल्टफिश. अकी हे फळ, शिजल्यावर हुबेहूब अंड्याची भुर्जी दिसतं, नवरा अंडं समजून नको म्हणेल किंवा फळ समजून घेईल, दोन्ही चूक, त्यात खारवलेला कॉड मासा असतो. कच्चं अकी विषारी असतं, इथे डब्यातलं मिळतं आणि महाग असतं, त्यामुळे कोणी वाढलं तर तो मान समज. राईस अँड पीज म्हणजे मटार भात नाही, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा आणि भात, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल असा, पण कधी कधी त्यात डुकराच्या शेपटीचा तुकडा घालतात म्हणून आधी विचार. कॅललू म्हणजे चक्क आपला माठ! त्यातही मासा असू शकतो. बिनधास्त विचारायचं, "आयटल आहे का", रास्ता लोक बिनमांसाचं जेवतात त्याला तो शब्द आहे, एक भांडं बहुधा वेगळं निघतं. तळलेली केळी आहेतच. आणि एरवी पोटासाठी व्हेज पॅटी घे कोको ब्रेडमध्ये घालून, तो आपला वडापावच. त्या पॅटीसाठी पण भांडावं लागलंय हं यांना. १९८५ ला सरकारी इन्स्पेक्टर दुकानादुकानात जाऊन सांगायला लागले की नियमात बीफ पॅटी म्हणजे फक्त बर्गरमधली मांसाची टिक्की, तुम्ही याला पॅटी म्हणू शकत नाही, नाव बदला नाहीतर दंड. बेकरीवाल्यांनी ऐकलं नाही, शेवटी "जमैकन पॅटी" म्हणायचं यावर मिटलं, आणि आता टोरांटोत २३ फेब्रुवारीला पॅटी डे असतो.

न्यायचं काय? दारू नको, तुला ब्रँड कळणार नाहीत. चिवडा ने. मी दरवर्षी दोन किलो नेते, डॉमिनो खेळणारे म्हातारे परातच ओढून घेतात. डॉमिनो म्हणजे सोंगट्या टेबलावर इतक्या जोरात आपटतात की पहिल्यांदा मला भांडण चाललंय वाटलं. त्यातले एक काका, मालकीणबाईंचे मोठे भाऊ, मी भारतातली कळल्यावर म्हणाले, "सर्देसाई!" मला कळेना. १९७१ ला किंग्स्टनच्या सबायना पार्कवर पहिली टेस्ट, पहिला दिवस पावसात गेला, मग आपले ७५ ला ५, आणि तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ काढले, साथीला एकनाथ सोलकर, आणि वाडेकरांनी वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. काका तेव्हा शाळेत होते, शाळा बुडवून गेले होते आणि नंतर मार खाल्ला होता. मला मडगावचा तो माणूस टोरांटोच्या अंगणात एका जमैकन म्हाताऱ्याकडून कळला, माझ्या बाबांना फोन करून सांगितलं तर ते रडायचेच बाकी होते. नवऱ्याला हे पाठ करून ठेवायला सांग, दुसरी ओळख लागणार नाही.

एक गोष्ट थोडी गंभीर. जेवण झाल्यावर जुन्या बायका बोलायला लागतात तेव्हा मोबाईल ठेवून ऐक. १९५५ ला कॅनडाने जमैका आणि बार्बाडोसहून घरकामाला बायका आणायची योजना काढली होती. वय १८ ते ३५, अविवाहित, मूलबाळ नको, एक वर्ष कोणाच्या तरी घरी राबायचं मग कायम राहायला मिळणार. कितीतरी जणींनी मुलं आजीकडे ठेवली आणि फॉर्मवर लिहिलीच नाहीत. पुढे १९७७ च्या सुमारास अशा सात जणींना मुलं लपवली म्हणून परत पाठवायला निघाले होते, मोठं आंदोलन झालं, १९७९ ला त्यांना राहू दिलं. तू जी शिक्षण-अनुभवाच्या पॉइंट्सची भानगड करून पीआर (कायम राहायचा परवाना) मिळवलंस ना, ती पद्धत १९६७ ला आली, त्याआधी १९६२ पर्यंत तुझा-माझा रंग बघूनच फाईल बाजूला पडली असती. आणि त्याच १९६२ ला स्वातंत्र्याचा सोहळा इथे साजरा करून झाल्यावर काही जणांनी जमैकन कॅनेडियन असोसिएशन काढली. एरो रोडला त्यांची स्वतःची वास्तू आहे, नुसती गाणी-जेवणं नाहीत, पोरांचे क्लास, म्हाताऱ्यांसाठी उपक्रम, नव्याने आलेल्यांना मदत. आपली मंडळं गणपती आणि दिवाळी छान करतात पण वास्तूचा विषय निघाला की मीटिंग पुढच्या महिन्यावर जाते, असो.

मालकीणबाईंच्या गॅरेजमध्ये तुला मोठं पिंप दिसेल, बॅरल म्हणतात. वर्षभर त्यात तांदूळ, तेल, साबण, वह्या भरत राहतात आणि भरलं की जहाजाने गावी पाठवतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलिसा वादळाने जमैकाची पश्चिम बाजू झोडपून काढली तेव्हा अख्ख्या एग्लिंटनवर पिंपंच पिंपं होती. जेवणाला जाताना काही द्यावंसं वाटलं तर पैसे पुढे करू नकोस, त्या बॅरलमध्ये टाकायला वह्यांचा गठ्ठा ने, मी तेच करते.

संध्याकाळी आठनंतर स्पीकर लागतील, तुमच्या बेसमेंटच्या छताला हादरे बसतील, पोरगी झोपणार नाही हे धरून चाल. जेट लॅग असेलच, नाहीतरी ती पहाटे तीनला उठणार. तिला बाहेरच ने, तिथे सगळी पोरं अकरापर्यंत नाचत असतात आणि कोणीतरी आजी तिला मांडीवर घेऊन तळलेला मासा भरवायला लागेल, काटे कोण काढतंय तेवढं बघ. ॲग्रीमेंट सही करायच्या आधी मला पाठव, बेसमेंटला वेगळा दरवाजा आणि खिडकीतून बाहेर पडता येतं का तेही फोटोत बघायचंय.