बार्नबोच्या कामगार बायकांचा माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या बार्नबो दारूगोळा कारखान्यात डिसेंबर १९१६ मध्ये स्फोट होऊन ३५ बायका गेल्या असं वाचलंत, पण त्या महिन्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'बार्नबो' शोधलं तर काहीच हाती लागत नाही. मग ही गोष्ट खरी का, आणि लेखासाठी शोधायचं कुठे?

गोष्ट पूर्ण खरी आहे. हाती काही लागत नाही, कारण ते नावच तेव्हा छापू देत नव्हते. पहिलं महायुद्ध चालू असताना दारूगोळ्याचे कारखाने कुठे आहेत हे शत्रूला कळू नये म्हणून बातम्यांतून गावं गाळली जायची. 'उत्तरेकडचा एक कारखाना', 'मिडलँड्समधला एक कारखाना' एवढंच. त्यामुळे वर्तमानपत्रांत शोधताना गावाचं नाव टाकू नका, हे असले मोघम शब्द टाका. बार्नबोची हकीकत उघडपणे लोकांसमोर आली ती १९२४ मध्ये, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षांनी. (आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उडालं, अर्ध्या शहराने आवाज ऐकला, तरी बातमीदारांना सविस्तर लिहू द्यायला मे उजाडला. सेन्सॉरची रीत सगळीकडे सारखीच.)

घडलं ते असं. बार्नबोत जवळपास १६ हजार माणसं राबत होती, त्यांत दहातल्या नऊहून जास्त बायका. आधीच भरलेले साडेचार इंची तोफगोळे ४२ नंबरच्या खोलीत यायचे. बाई हाताने फ्यूज (गोळा पेटवणारा भाग) बसवायची, मग यंत्र तो आवळायचं. ५ डिसेंबरला रात्री दहाची पाळी नुकतीच लागली होती, खोलीत १७० च्या आसपास बायका-मुली. साडेदहा वाजायच्या आतच एक गोळा फुटला. काहींची ओळख फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटली. विल्यम पार्किन नावाचा मेकॅनिक पुन्हा पुन्हा आत जाऊन मुलींना बाहेर काढत राहिला. आणि थोड्याच वेळात दुसऱ्या बायका आपणहून त्याच खोलीत कामाला उभ्या राहिल्या. हे शौर्य म्हणून सांगतात. मला त्यात पगाराची गरजही दिसते, पण ते असो.

आता मुद्द्याचं. स्फोटाचा नाद सोडा, माणसं शोधा. घटना दडपता येते, पण घरच्यांनी दिलेली निधनवार्ता दडपली जात नाही. 'यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट'चे डिसेंबर १९१६ चे अंक घ्या आणि छोट्या जाहिरातींचा रकाना वाचा. तरुण मुलगी, आणि मृत्यूचं कारण म्हणून फक्त 'अपघाताने' असं दिसलं की नाव टिपून ठेवा. अशा एकाच आठवड्यातल्या ओळी शेजारी ठेवल्या की चित्र आपोआप उभं राहतं.

नाव मिळालं की इंग्लंडच्या सरकारी मृत्यू-नोंदींची सूची बघा. ती तिमाहीने लावलेली असते, म्हणून १९१६ ची शेवटची तिमाही पाहाच, पण जखमी होऊन नंतर गेलेल्यांसाठी १९१७ ची पहिलीही बघा. दाखल्याची प्रत थोडे पैसे भरून ऑनलाइन मागवता येते. ती नीट वाचा, कारण धंद्याच्या रकान्यात गंमत असते: अविवाहित मुलगी असेल तर तिचं काम किंवा बापाचं नाव-काम, लग्न झालेली असेल तर पुष्कळदा फक्त 'अमक्याची बायको' आणि नवऱ्याचा हुद्दा. म्हणजे जी बाई गोळे भरत होती ती कागदावर सैनिकाची बायको म्हणून उरते. रकान्यात 'कारखाना' दिसला नाही म्हणून नाव खोडू नका. मग १९११ ची जनगणना काढा. युद्धाआधी ती गिरणीत होती की घरकामाला, ते तिथे कळतं.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं म्हणजे प्रत्येक स्फोटात बायकाच गेल्या असं धरून चालणं. केंटमधल्या फॅव्हरशॅमला २ एप्रिल १९१६ ला शंभरावर माणसं गेली, त्यांत एकही बाई नव्हती, कारण रविवारी बायका कामावर नसत. १ जुलै १९१८ ला नॉटिंगहॅमजवळ चिलवेलला १३४ गेले, त्यांत स्त्री-पुरुष दोन्ही. आणि ओळख पटली जेमतेम ३२ जणांची, त्यामुळे तिथे कबरीवरून नाव शोधण्यात अर्थ नाही. दुसरं, गोळ्यांत भरायच्या टीएनटी या स्फोटकाने झालेले मृत्यू विसरणं. त्या विषाने कातडी पिवळी पडायची म्हणून या मुलींना 'कॅनरी' म्हणत. शंभरावर कामगार या विषारी काविळीने गेले, आणि ते कुठल्याच स्फोटाच्या यादीत सापडत नाहीत. दाखल्यावर 'टॉक्सिक जॉन्डिस' असेल तर ती बाई तुमच्या लेखात हवीच.

युद्धकबरींच्या आयोगाच्या संकेतस्थळावर मात्र वेळ घालवू नका. दारूगोळा कामगार नागरिक समजले जात, पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या नोंदी तिथे नाहीत. त्यापेक्षा लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा बायकांच्या कामाबद्दलचा संग्रह पाहा. १९१७ पासून तिथल्या बायकांच्या उपसमितीने मृत कामगारांच्या घरी पत्रं लिहून फोटो मागवले होते. तेव्हाच्या ब्रिटिश दारूगोळा मंत्रालयाची कागदपत्रं लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एमयूएन' (MUN) या मालिकेत आहेत, पण तिकडे शेवटी जा. फायलींत उत्पादनाचे आकडे भरपूर आणि माणसं कमी.

उन्हाळ्यात मुलाकडे लीड्सला जाणार आहात म्हणता, तर मध्यवर्ती ग्रंथालयातला स्थानिक इतिहासाचा विभाग गाठा. आणि एक दिवस यॉर्कसाठी ठेवा, रेल्वेने फार लांब नाही. तिथल्या मिन्स्टर या मोठ्या चर्चमध्ये उत्तरेच्या बाजूला 'फाइव्ह सिस्टर्स' ही खिडकी १९२५ मध्ये युद्धात गेलेल्या साम्राज्यातल्या बायकांना अर्पण केली. शेजारच्या ओक लाकडाच्या फळ्यांवर नावं लिहिली आहेत, बार्नबोची सुद्धा. फळ्यांचे फोटो काढून आणा. तुमची यादी त्यांच्याशी ताडून कोण राहिलं ते इथे टाका, पुढचं आपण मिळून शोधू.